मयताच्या फॉर्मवरचा रकाना

(घोटी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. आज मी आकडे घेऊन आलोय. कवीनं आकड्यांत शिरू नये, त्यानं अंगणातल्या प्राजक्ताबद्दल बोलावं, असं पांढरपेशा साहित्याचं म्हणणं असेल. असू द्या. आमच्या चाळीला अंगणच नाही. मी मॅट्रिक शिकलेला, गोदीत कंत्राटावर माल उतरवणारा माणूस. आकडे हा आमचा रोजचा धंदा. कंटेनरमधून जेवढे नग उतरतात तेवढे टॅलीवाला मोजतो. पोतं फाटलं तर त्याचा कागद होतो. किती सांडलं, हूक लागून फाटलं की पाण्यानं भिजलं, कुठल्या पाळीत फाटलं, सगळं त्यावर येतं. कारण त्या पोत्याला मालक असतो आणि मालकाला भरपाई पाहिजे असते.

माझा आजचा सवाल एवढाच आहे. ह्या देशात माणूस नशेनं मरतो, दारूनं मरतो, गोळीनं, पावडरीनं, सुईनं मरतो, तेव्हा त्याचा कागद कोण करतो? आणि त्या कागदावर काय लिहितो?

आधी देशाचा आकडा सांगतो. दिल्लीत नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरो म्हणून एक खातं आहे. ते दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचं एक जाडजूड पुस्तक काढतं. कोण विजेनं मेलं, कोण पाण्यात बुडून, कोण साप चावून. त्यात एक ओळ असते अमली पदार्थांच्या अतिसेवनानं मेलेल्यांची. २०२२ सालच्या पुस्तकात त्या ओळीत आकडा आहे ६८१. साऱ्या देशात. एकशेचाळीस कोटी माणसांत. दिवसाला दोन माणसंसुद्धा पुरी होत नाहीत. दुसरी एक ओळ असते विषारी दारूची. त्याच साली तिच्यात आहेत ६१७.

आता तिकडं बिलायतेत बघा. इंग्लंड आणि वेल्स मिळून सहा कोटी लोक. आपल्या महाराष्ट्राच्या निम्मे. तिथं २०२२ साली ड्रग्जच्या विषबाधेनं झालेले मृत्यू नोंदले गेले ४,९०७. म्हणजे आपल्या सातपट. आणि ते नुसता आकडा देऊन गप्प बसत नाहीत. कुठला पदार्थ, बाई की पुरुष, वय किती, कुठल्या भागातला, सगळं वेगवेगळं छापतात. निम्म्याच्या आसपास मृत्यूंत अफूच्या जातीचे पदार्थ, ८५७ मृत्यूंत कोकेन. पुरुष बायकांच्या जवळजवळ दुप्पट. सगळ्यात जास्त मरतात ते चाळिशी-पन्नाशीतले. स्कॉटलंडनं तर आणखी पुढं जाऊन वस्तीच्या गरिबीप्रमाणं हिशेब मांडलाय. २०२३ साली तिथं १,१७२ माणसं मेली, आणि सगळ्यात गरीब वस्त्यांत मरणाचं प्रमाण सगळ्यात श्रीमंत वस्त्यांच्या सुमारे पंधरापट निघालं. त्यांनी स्वतः हे छापलं. गोऱ्या साहेबाचं कौतुक करायला मी उभा नाही, त्याच्या अफूबद्दल पुढं बोलणारच आहे. पण त्यानं मेलेला माणूस मोजला एवढं खरं.

तर काय, आपला देश त्यांच्यापेक्षा निर्व्यसनी? आपण संतांची भूमी म्हणून आपल्याकडं कुणी नशेनं मरत नाही? सरकारनंच दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलकडून पाहणी करून घेतली आणि २०१९ साली ती छापली. तिच्यात लिहिलंय की देशात सोळा कोटी माणसं दारू पितात. त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना पिण्यानं इजा झालेली आहे किंवा त्यांची दारू सुटत नाही, त्यांना मदतीची गरज आहे. अफू, हेरॉइन, त्या जातीची औषधं घेणारे दोन कोटी सव्वीस लाख. सुईनं टोचून घेणारे साडेआठ लाख. आणि व्हाइटनर, सोल्यूशन हुंगणाऱ्यांत पोरांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट. स्टेशनवरची पोरं, भंगार वेचणारी पोरं. ती कुणाची हे इथं सांगायला नको.

दोन कोटी सव्वीस लाख घेणारे आणि मेले फक्त ६८१. म्हणजे हेरॉइन हे च्यवनप्राश झालं की!

मित्रांनो, ह्यातली गोम आकड्यात नाही, कागदात आहे. कागद कसा होतो ते नीट समजून घ्या.

माणूस मेला की मृत्यूची नोंद होते. पण मेला का, ह्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र वेगळं. २०२० साली देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यातल्या फक्त साडेबावीस टक्क्यांना असं प्रमाणपत्र होतं. हा सरकारी रजिस्ट्रार जनरलचा आकडा आहे. म्हणजे चारातली तीन माणसं का मेली हे सरकारदरबारी कुणालाच माहीत नाही. गेली, एवढंच.

ज्यांना प्रमाणपत्र मिळतं त्यांचा फॉर्म दवाखान्यात मेला तर चार नंबरचा, घरी मेला तर चार-अ. त्या फॉर्मवर कारणाच्या रकान्याजवळच सूचना छापलेली असते की मरणाचं मूळ कारण लिहा, रोग लिहा, इजा लिहा. हार्ट फेल झालं असली मरणाची तऱ्हा लिहू नका. किती शहाणी सूचना! कारण हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. फासावर दिलेल्याचंही बंद पडतं आणि नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचंही. आणि तरी आपल्या वस्तीतल्या मयतांचे कागद काढून बघा. ‘हृदयक्रिया बंद पडून’, ‘कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट’. रांगेनं तेच. एका बाजूला छापलंय लिहू नका, शेजारी निळ्या शाईनं तेच लिहिलेलं.

मरण संशयाचं असेल तर पोलीस येतात. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पोलिसांच्या भाषेत एडी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. पंचनामा, मग पोस्टमॉर्टेम. पोटातलं, काळजातलं, मूत्रपिंडातलं थोडं थोडं बरणीत घालून सील करून सरकारी प्रयोगशाळेत पाठवतात. त्याला व्हिसेरा म्हणतात. तो तपासून आला तरच कळणार की रक्तात काय होतं. तोवर डॉक्टर लिहितो ‘मत राखून ठेवले आहे’. ते राखून ठेवलेलं मत घ्यायला कोण जातं? ज्याच्या घरी वकील आहे तो. ज्याची रोजी बुडते तो दोनदा खेटे घालतो, तिसऱ्यांदा जात नाही. आणि अहवाल येऊन फायलीत पडला तरी पहिल्या दिवशी मांडलेला हिशेब दुरुस्त करायला कुणाला फुरसत आहे?

आणखी एक. त्या पोस्टमॉर्टेमच्या खोलीत देह चिरणारा हात कुणाचा असतो? डॉक्टर लांब उभा राहून सांगतो, चिरणारा बहुतेक ठिकाणी आपल्यातलाच माणूस असतो. त्या वासात शुद्धीत राहून काम करणं कठीण म्हणून तोही पिऊन उभा असतो. गटारात उतरणाऱ्याचंही तेच. ह्यांना दारू कुणी लावली हे कुठल्या पाहणीत विचारतात?

माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो. आमच्या टोळीत ह्याच बाजूचा एक गडी होता. चौतीस वर्षांचा. आवणीच्या दिवसांत गावी यायचा, एरवी आमच्याबरोबर कंटेनर रिकामे करायचा. पन्नास किलोचं पोतं असं उचलायचा की वाटावं आत कापूस आहे. एका रात्री पाळी संपल्यावर तो आणि दोघे गोदीच्या भिंतीमागं प्लास्टिकच्या पिशवीतली पिऊन आले. देशीची बाटली परवडत नव्हती, पिशवी निम्म्या पैशात मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक. मग म्हणाला, पोट जळतंय. मग म्हणाला, लेका, ट्यूब का पेटवल्यात सगळीकडं, पांढरं पांढरं दिसतंय. दिवसाउजेडी ट्यूब कुठली? मुकादम म्हणाला, चढलीय अजून, झोपू द्या. संध्याकाळी आम्ही त्याला टेंपोत घालून दवाखान्यात नेला. तिथं पहिला सवाल, दारू प्यायलाय ना? मग पडू दे बाजूला. पहाटे गेला.

कागदावर आलं ‘हृदयक्रिया बंद’. बाकी दोघांतल्या एकाला दिसायचं कमी झालं, तो आता गावी असतो. कंत्राटदार म्हणाला, नैसर्गिक मरण आहे, आमचा काय संबंध. वहिनी दोन पोरं घेऊन चार महिने कागद बदलून घ्यायला हिंडली. व्हिसेरा घेतलाच नव्हता. का घेतला नाही? कारण एडी झाली नव्हती. एडी का झाली नाही? कारण कागदावर नैसर्गिक लिहिलं होतं. ही अशी गोल भिंत. तिला दार नाही.

तर ते पांढरं दिसणं म्हणजे काय हे इथल्या प्रत्येक पोरानं पाठ करून ठेवावं. ते मेथॅनॉल. दारूत असतं ते इथिल अल्कोहोल आणि हे मेथिल. वासाला, चवीला जवळपास सारखंच. रंग, डिंक, प्लायवूड, औषधांचे कारखाने ह्यांना लागतं. देशाला लागणारं बरंचसं मेथॅनॉल आखातातून जहाजानं येतं, आमच्याच बंदरात टँकरमधून उतरतं. पिण्याच्या दारूवर कर आहे, ह्याच्यावर तसा नाही, म्हणून दारूवाल्याला स्वस्त पडतं. माणसाच्या काळजात म्हणजे यकृतात गेलं की त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं, ज्यात मढी टिकवून ठेवतात ते. मग फॉर्मिक ॲसिड. ते डोळ्याची नस जाळतं, रक्त आंबट करतं. लगेच होत नाही, बारा-चोवीस तास जातात. म्हणून माणूस झोपतो, बायको म्हणते उतरेल, आणि तेवढ्या वेळात खेळ संपतो. ह्यावर औषध आहे. फोमेपिझोल आहे. ते नसेल तर साधं इथिल अल्कोहोलच डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात, कारण यकृत आधी त्याला धरतं आणि मेथॅनॉलला थांबवून ठेवतं. आणि डायलिसिस. म्हणजे वेळेवर नेला आणि डॉक्टरनं त्याला माणूस समजून तपासला तर वाचतो. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी धुकं दिसतंय, पांढरं दिसतंय म्हणाला, तर झोपू देऊ नका. उचला आणि जिथं डायलिसिस आहे तिथं न्या. आणि दारात ओरडून सांगा, मेथॅनॉल असेल, तपासा.

मालवणी आठवतंय? मुंबईतल्या मालाडचं मालवणी, लक्ष्मीनगर. जून २०१५. हीच दारू. शंभराहून जास्त माणसं गेली. नाका कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायकांचे नवरे. त्याआधी २००४ साली विक्रोळीत ऐंशीहून जास्त. मालवणीचा खटला नऊ वर्षं चालला. २०२४ साली सत्र न्यायालयानं चौघांना दहा वर्षांची सजा दिली, दहा जण सुटले. तिथं कागद झाला, कारण एकाच वस्तीत शंभर तिरड्या उठल्या. लपवायला जागा नव्हती. पण एकेकटा मरतो त्याचं काय? आमच्या टोळीतला एकटाच मेला ना. एकट्या मयताची बातमी होत नाही, ओळही होत नाही.

संसदेत जुलै २०२२ मध्ये सरकारनं उत्तर दिलं. विषारी दारूनं २०१६ साली १,०५४, २०१७ साली १,५१०, २०१८ ला १,३६५, २०१९ ला १,२९६, २०२० ला ९४७. पाच वर्षांत ६,१७२. पुढं २०२१ साली ७८२ आणि २०२२ ला ते मघाचे ६१७. कागदावर उतरतंय. विकास होतोय म्हणायचा. आणि २०२२ च्या डिसेंबरात बिहारमध्ये, छपऱ्याच्या बाजूला, सत्तरहून जास्त माणसं मेली. दारूबंदीच्या राज्यात. तिथला मुख्यमंत्री विधानसभेत उभा राहून म्हणाला, जो पिणार तो मरणारच. पुढं एप्रिल २०२३ मध्ये चार लाखांची मदत जाहीर केली, पण अट अशी की कुटुंबानं दारूबंदीला पाठिंबा असल्याचं लेखी द्यायचं. बाप मेला, आता सरकारच्या धोरणावर सही करा मग पैसे! २०२४ च्या जूनमध्ये तमिळनाडूत कल्लकुरिची. साठाहून जास्त गेले, त्यात बायाही होत्या, आणि दलित मजूर मोठ्या संख्येनं. तिथं तर सरकार स्वतःच्या दुकानातून दारू विकतं. म्हणजे बंदी असो की दुकान सरकारचं असो, पिशवीतली पिऊन मरणारा तोच.

आता वय आणि लिंग. ब्यूरोच्या पुस्तकात हे रकाने आहेत, नाही असं नाही. चौदाच्या आतले, चौदा ते अठरा, अठरा ते तीस, तीस ते पंचेचाळीस, अशा ओळी. मरणारे बहुतेक पुरुष. सगळ्या जगात तसंच आहे. दारूनं २०१९ साली जगात २६ लाख माणसं मेली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातले २० लाख पुरुष. पण ह्यावरून बायका सुटल्या असं समजायचं का? मागं बसलेल्या मावशा हसतायत, त्यांना माहीत आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या शंभरात जवळजवळ सात नशा आणि दारूच्या व्यसनापायी. बत्तीसच्या आसपास कौटुंबिक कारणापायी. नवरा रोज पिऊन मारतो म्हणून बाई विहिरीत उडी टाकते, तिचं मरण कुठल्या रकान्यात गेलं? कौटुंबिक. त्या साली जीव दिलेल्या बायकांत निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. त्यांनी थेंब चाखला नव्हता, आणि दारूनंच मेल्या. पदार्थवार यादीत त्यांचं नाव कधी येणार नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक आकडा आहे. जीव देणाऱ्यांत शंभरात सव्वीस रोजंदारीवर काम करणारे. चारातला एक. म्हणजे धंदा विचारतात. वय विचारतात, लग्न झालंय का विचारतात, शिक्षण किती विचारतात. जात?

ऐका. हेच ब्यूरो दरवर्षी तुरुंगांचंही पुस्तक काढतं. त्यात कैद्यांची जात छापलेली असते. अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती. लोकसंख्येत आपण सहातले एक, तुरुंगात पाचातले एक. केंद्र सरकारची कुटुंब आरोग्य पाहणी असते, तिच्यात दारू पिणारे जातवार छापतात. आदिवासी पुरुषांत तिघांतला एक पितो, असं तिच्यात लिहिलंय. म्हणजे आमचं पिणं जातीनं मोजतात आणि आमची कोठडी जातीनं मोजतात. आमचं मरण मात्र एकाएकी जात्यातीत होतं! च्यायला, जिवंतपणी पाणवठ्यावर जी समता मिळाली नाही ती ह्यांनी आम्हाला पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर दिली.

का मोजत नाहीत? कारण मोजलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. स्कॉटलंडला द्यावं लागतंय. गरीब वस्तीत पंधरापट मरतात म्हटल्यावर लोक विचारतात दवाखाना का नाही तिथं. आपल्याकडं एम्सचीच पाहणी सांगते की दारू न सुटणाऱ्या अडतीस जणांतल्या एकालाच काही उपचार मिळतो, आणि एकशेऐंशीतला एक दवाखान्यात भरती होतो. बाकीच्यांना काय मिळतं? उपदेश. बुवाची माळ.

सरकारचं दारूशी नातं बघा म्हणजे कोडं उलगडेल. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. कायद्यानं तुम्हाला प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, देशीला दोन रुपये, विलायतीला पाच. कुणी कधी काढलाय? त्याच्या आधी साहेबानं १८७८ साली अबकारी कायदा आणला, १८९२ साली मोहाचा कायदा आणला. ह्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांचं मोहाचं फूल सरकारजमा झालं. घरी गाळली तर गुन्हा, ठेकेदाराच्या गुत्त्यावर प्यायली तर महसूल. साहेब गेला, हिशेब तोच राहिला. २०२५ च्या जूनमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं दारूवरचा कर वाढवला. कशासाठी? वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळावेत म्हणून. विलायती महागली की पिणारा देशीवर येतो, देशी महागली की पिशवीवर येतो. पिशवीवाल्याचा आकडा अर्थसंकल्पात दिसत नाही, आणि कागदावर तो हृदयक्रिया बंद पडून मरतो. दोन्ही वह्या स्वच्छ.

आणि अफू. तुमच्या दारातून जो आग्रा रोड जातो तो पुढं इंदूरला, माळव्यात जातो. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरात यायची, तिच्यावर सरकारी फी भरली जायची आणि जहाजानं चीनला रवाना व्हायची. पेट्या उचलणारे हमाल कोण असतील ते मी गोदीतला माणूस म्हणून सांगू शकतो. त्या धंद्यात मुंबईचे मोठमोठे शेठ उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई त्यातले एक. त्यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. मोठं काम, आमची अर्धी वस्ती तिथंच जन्मली. पण चीनमध्ये अफूनं किती मेले त्याचा रकाना त्या देणगीच्या पाटीवर नाही. नशेचा पैसा वर चढला की त्याची इमारत होते. खाली उतरला की त्याचं मढं होतं, आणि ते त्याच इमारतीच्या मागच्या दारानं आत जातं.

लांब कशाला. २०२१ च्या जूनमध्ये तुमच्या इगतपुरीच्या बंगल्यावर धाड पडली. सिनेमातली माणसं होती, पावडर सापडली, आठवडाभर टीव्हीवर तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, शेकडो कोटींचा माल. एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतंसुद्धा, म्याऊ म्याऊ म्हणून पोरं उघड विकत घ्यायची. किलोत माल मोजला, कोटीत किंमत मोजली. त्या कारखान्याची पावडर ज्यांच्या नाकात गेली ती पोरं कुणी मोजली? मालेगावात कुत्ता गोळी विकतात. झोपेची, भीती घालवायची गोळी, अल्प्राझोलम, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. ती खाऊन, वर दारू पिऊन पोरगं रुळावर पडलं तर ते रेल्वे अपघातात जमा. मुंबईच्या लोकलखाली आणि लोकलमधून पडून वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. त्यातल्या किती जणांच्या खिशात रिकामी गोळ्यांची पट्टी होती, हा सवालच फॉर्मवर नाही.

इथं आपल्यांबद्दलही बोलतो, राग येऊ द्या. जोतीरावांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी विरोध केला. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ते सगळं डोक्यावर. पण हल्ली आपल्यातले काही कोटवाले त्या प्रतिज्ञेचा दंडुका करून फिरतात. पिऊन मेला ना, मग तो आपला नव्हताच, मयताला जाऊ नका. हे आणि त्या बिहारच्या मुख्यमंत्र्याचं बोलणं ह्यात काय फरक? प्रतिज्ञा जगण्यासाठी घेतली होती, मेलेल्याला वाळीत टाकण्यासाठी नाही. आणि आमच्याच काही पुढाऱ्यांचे बियर बार आहेत. त्यांच्या जयंतीच्या वर्गणीची पावती कुठल्या गल्ल्यातून फाटते ते पोरांना माहीत आहे. नाव घेत नाही. इथं टाळ्या वाजवायची गरज नाही.

आता कामाचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारलेला कायदा लागू झालाय. त्यात स्पष्ट आहे की दवाखान्यात माणूस मेला तर मरणाच्या कारणाचं प्रमाणपत्र फुकट द्यायचं, आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची. मागा. नुसता ग्रामपंचायतीचा दाखला नाही, कारणाचं प्रमाणपत्र. त्यावर हृदयक्रिया बंद लिहिलं असेल तर तिथंच फॉर्मवरची छापील सूचना बोट ठेवून दाखवा. विचारा, कशानं बंद पडली? दारूचा, गोळीचा संशय असेल तर मढं उचलायच्या आधी पोलिसांना सांगा की अकस्मात मृत्यू नोंदवा आणि व्हिसेरा ठेवा. एकदा अग्नी दिला की पुरावा गेला. पिऊन मेला ह्याची लाज वाटून घरचे हे सांगत नाहीत. ती लाज जरा बाजूला ठेवा, कारण विकणाऱ्याला ती मुळीच नाही. पोस्टमॉर्टेमचा आणि रासायनिक तपासणीचा अहवाल येत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अर्ज मी लिहून देतो, मला तेवढं मॅट्रिक पुरतं.

आणि एक वही. घोटी, इगतपुरी आणि आसपासचे पाडे, गेल्या पाच वर्षांतले मयत. नाव, वय, बाई की पुरुष, जात, धंदा, कशानं गेला असं घरच्यांना वाटतं, कागदावर काय आलं, व्हिसेरा ठेवला का, मागं कोण राहिलं. भाताच्या गिरणीतला हमाल, टोलनाक्यावर शेंगा विकणारा, आवणीला आलेला हरसूल-पेठचा मजूर, सगळे घ्या. मजूर इथं मरतो आणि नोंद तिकडं होते, किंवा दोन्हीकडं होत नाही. म्हणून त्याच्या गावचंही नाव लिहा. ही सरकारची आकडेवारी होणार नाही, मला माहीत आहे. पण पन्नास घरं झाली की तहसीलदारासमोर ठेवता येईल, शंभर झाली की विधानसभेत कुणाला तरी प्रश्न विचारायला भाग पाडता येईल. घरोघर जाताना दोन पोरं आणि एक बाई असं जा. बाई नसेल तर मागचं खरं कुणी सांगत नाही.

वही ह्या विहारातच राहील. किल्ली ज्यांच्याकडं असते त्या काकूंनी हो म्हटलंय. मघापासून मागं दोघीजणी आपसात काहीतरी बोलतायत. मावशी, तुम्हीच सांगा आधी. बसूनच सांगा. मी लिहून घेतो.